व्हॅलेंटाईनच्या बर्फावरची फायनल

बर्फातलं आपल्याला कोणी शिकवायचं नाही, असं व्हॅलेंटाईन छाती ठोकून सांगायचा. वसईचा हा माणूस मस्कतच्या एका स्केटिंग रिंकवर बर्फ सांभाळायच्या नोकरीला होता. बाहेर मे महिन्यात रस्त्याचं डांबर मऊ व्हायचं आणि आत हा स्वेटर घालून बर्फ गुळगुळीत करायची गाडी गोल गोल फिरवायचा. फिरवता फिरवता डोळे अर्धे मिटायचे. मग त्याला त्याचा शॉन दिसायचा, कॉलेजच्या आइस हॉकी संघाचा गोलकीपर, दोन्ही हातांनी कप उंचावून पांढऱ्याशुभ्र बर्फावरून तरंगत येणारा. खालचा बर्फ अर्थातच पप्पांचा.

नव्व्याण्णव साल त्या संघाचंच होतं. उन्हात वाढलेली पोरं, पण सहाच्या सहा मॅच जिंकली. आता राहिली होती गुरुवारची फायनल, दुबईच्या कॉलेजशी.

आणि बुधवारी सकाळी बर्फ थंड ठेवणाऱ्या दोन यंत्रांपैकी एकाने मान टाकली. बर्फाला घाम फुटला.

"खलास," मॅनेजर जमाल म्हणाला. "पार्ट शनिवार को आयेगा, इन्शाल्ला. मॅच नहीं हुआ तो कप पॉइंट पे. तुम्हारा बेटा का टीम आगे है, टेन्शन नहीं."

व्हॅलेंटाईनला ते मुळीच पटलं नाही. गुणांवर मिळालेला कप म्हणजे वशिल्याने लागलेली नोकरी, लोक जन्मभर टोमणे मारणार. शॉनने तो खेळूनच जिंकायला हवा होता.

कठड्याला टेकून तो ओल्या बर्फाकडे बघत राहिला. बघता बघता त्याच्या डोळ्यांपुढे वसईच्या घराची ओटी आली, ओटीवर आइस्क्रीमचा लाकडी पॉट, हँडल फिरवणारी चुलत भावंडं आणि आईचा आवाज, "मीठ टाका रे, थंडी वाढेल!" बर्फात खडेमीठ पडायचं आणि दूध दगडासारखं घट्ट व्हायचं. व्हॅलेंटाईनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

गुरुवारी दुपारी तो शेजारच्या जहूरच्या दुकानात गेला.

"चार गोणी मीठ?" जहूर म्हणाला. "सगळ्या मस्कतचं लोणचं घालतोस की काय?"

"बर्फ कडक करायचाय."

जहूर रत्नागिरीचा. पॉट त्यानेही फिरवलेला. त्याने गंभीरपणे मान डोलावली. "मग पाच ने."

दोघांनी मिळून मीठ फेकलं. व्हॅलेंटाईनने बर्फाला हात लावला तर थंडी हाडांपर्यंत गेली. तो खूश झाला. एवढंच तो विसरला की पॉटमध्ये घट्ट होतं ते दूध. बर्फाचं तोवर पाणी होतं, पण पॉटच्या बादलीतल्या त्या पाण्याकडे कोण बघतं? सगळ्यांचं लक्ष आइस्क्रीमवर.

चार वाजता रिंकवर गुडघाभर धुकं तरंगत होतं. त्यातून खेळाडू असे आले की जणू ढगांतून उतरताहेत. व्हॅलेंटाईनचे डोळे भरून आले. स्वप्नातही त्याला इतकं सुंदर दिसलं नव्हतं.

शिट्टी वाजली. हॉकीची चकती पाच फूट गेली आणि बुडाली. दुबईचा कॅप्टन सुसाट निघाला, त्याचे पाय रुतले आणि तो पोटावर पोहत थेट शॉनच्या पायाशी येऊन थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रेफरीने आपले ओले मोजे पाहिले आणि लांबलचक शिट्टी मारली. मॅच रद्द झाली. कप गुणांवर शॉनच्या संघाला मिळाला.

व्हॅलेंटाईनचं तोंड एवढंसं झालं. कप बगलेत मारून शॉन पाणी तुडवत आला. आता सांगून टाकावं, पोराची माफी मागावी, असं व्हॅलेंटाईनने ठरवलं.

"शॉन, हे जे झालं ना, ते..."

"पप्पा, मिरॅकल झालं!" शॉनने त्याला मिठी मारली. "तो कॅप्टन एवढा हार्ड मारतो, मी खूप घाबरलेलो. नऊ दिवस नोव्हेना केली, मॅच कॅन्सल होऊ दे म्हणून. मम्मीला नको सांगू. सेंट अँथनीने ऐकलं."

व्हॅलेंटाईनने हाताला चिकटलेलं मीठ हळूच पँटला पुसलं.

"मोठे संत आहेत ते," तो म्हणाला आणि पाणी काढायला वायपर शोधू लागला.