ट्रूडेचा उपास

मी अजगर पाळायचं ठरवलं, तेव्हा माझ्या बायकोने, रोझविथाने, एवढंच विचारलं, "कुत्रा का नको?"

प्रश्न बिनतोड होता. पण गेली एकतीस वर्षं मी हाम शहराच्या कचेरीत कुत्रा-कर विभागात कारकुनी करतोय. गावातला एकूण एक कुत्रा मला नावाने आणि जातीने ठाऊक आहे. कुत्रा समोर आला की मला कुत्रा दिसतच नाही, फॉर्म दिसतो. (गल्लीतले कुत्रेही मला बघून शेपूट हलवत नाहीत, ते वेगळं.) अजगरावर कर नाही, असं मी रोझविथाला सांगितलं. ते खरंच होतं, पण खरं कारण ते नव्हतं.

खरं कारण होती आमची मुलगी स्वेन्या. नऊ वर्षांपूर्वी ती माशांचा अभ्यास करायला नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला, ट्रोम्सोला गेली आणि तिथेच नोकरीला चिकटली. दर रविवारी तीन वाजता आम्ही कॉफी-केक घेऊन बसलो की तिचा फोन येतो. फोन माझ्या खुर्चीजवळ, म्हणून उचलतो मीच. आठवडाभर मी त्या फोनची वाट बघतो. शनिवारी तर काय काय बोलायचं ते मनात घोळवून ठेवतो. आणि रविवारी तिकडून "पपा, कसा आहेस?" असं आलं, की माझी जीभ टाळ्याला चिकटते आणि मी म्हणतो, "मजेत. थांब, आईला देतो."

मग रोझविथा तासभर बोलते आणि मी शेजारी बसून केकचा चुरा करत ऐकतो. नऊ वर्षांत मी मुलीशी जे काही बोललो, ते एका पोस्टकार्डावर मावेल आणि वर पत्त्याला जागा उरेल. तिच्या आवाजासाठी मी झुरत होतो, आणि तो आवाज हातात आला की निखारा असल्यासारखा दुसऱ्याच्या हातात देत होतो.

ऑगस्टमध्ये कपाट आवरताना मला एक कागद सापडला. बारा वर्षांची असताना स्वेन्याने अजगरासाठी केलेला अर्ज. (आमच्या घरात मागण्या अर्जाने होत. चूक माझीच.) जांभळ्या शाईत वर लिहिलं होतं, "पहिला अजगर कसा निवडावा." डोळे स्वच्छ हवेत. श्वास घेताना शिट्टी वाजता कामा नये. पोटाखालची खवलं कोरडी हवीत. निदान पाच वेळा स्वतःहून जेवलेला असावा आणि विकणाऱ्याने तसं लिहून द्यावं. नाव ट्रूडे ठेवीन. आणि अगदी शेवटी, "सगळे बघून झाल्यावर जो कुणालाच नको असेल, तो."

त्याखाली माझ्या अक्षरात होतं, "नामंजूर. कारण: अर्जदाराची सही नाही."

मी बराच वेळ तो कागद धरून बसलो होतो. रोझविथाला वाटलं माझी कंबर धरली.

आमच्या हाममध्ये सापा-सरड्यांचा मोठा बाजार भरतो, त्याला लांबलांबून लोक येतात. मी जन्मभर त्या हॉलवरून सायकलने गेलो, आत कधी गेलो नव्हतो. सप्टेंबरमध्ये गेलो. टेबलांवर प्लॅस्टिकचे डबे मांडलेले, बेकरीत पेस्ट्री मांडतात तसे, आणि प्रत्येकात एकेक अजगर. कुणी केळ्यासारखा पिवळा, कुणी पांढरा ठिपक्यांचा. ट्यूनेबेक नावाच्या एका बाईंच्या टेबलाशी मी थांबलो आणि जांभळा कागद काढला.

"श्वास घेताना शिट्टी वाजते का?" मी विचारलं.

"त्याची की माझी?" बाई म्हणाल्या. "मी रोज चाळीस सिगरेटी ओढते."

त्यांनी मला एक धष्टपुष्ट नर दाखवला. डोळे स्वच्छ, खवलं कोरडी, जेवणाच्या कार्डावर बावीस नोंदी. "पहिल्यांदाच पाळणार ना साहेब? मग हाच घ्या. दगडसुद्धा गिळेल." सगळं कागदाप्रमाणे होतं. मी हो म्हणणार, तेवढ्यात टेबलाच्या टोकाला मला एक डबा दिसला. त्यातली तपकिरी मादी चेंडूसारखी घट्ट वेटोळं करून, डोकं आत खुपसून बसली होती. अर्ज नामंजूर झाला त्या दिवशी स्वेन्या पांघरुणात अगदी अशीच बसली होती.

"आणि ही?"

"तिला सोडा. दोन बाजारांत तिच्याकडे कुणी बघितलं नाही. पाच वेळा जेवलीय, नाही म्हणत नाही. पण ही जात रुसली की महिनोन्महिने तोंडाला काही लावत नाही. नवीन माणसाच्या नाकी नऊ आणेल ती."

मी तीच घेतली. (साधी छत्री घ्यायची तर मी तीन दुकानं फिरतो.)

घरी येऊन तिचा फोटो स्वेन्याला पाठवला. खाली लिहिलं, "अर्ज मंजूर. नाव ट्रूडे."

चार मिनिटांत फोन वाजला. शनिवारी! आणि माझ्या मोबाइलवर!

"पपा, तुला वेड लागलंय का?" ती ओरडली, आणि मग नुसती हसत सुटली. मी पंचवीस मिनिटं बोललो. पेटीतली उष्णता, पाण्याचं भांडं, लपायला गुहा. माझी जीभ कुठेच चिकटली नाही.

पण घरी आल्यापासून ट्रूडेने अन्नाला तोंड लावलं नाही. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर निघाला. दर आठवड्याला मी फ्रीजरमधला विकतचा उंदीर वितळवून तिच्यासमोर धरायचो आणि ती माझ्याकडे अशी बघायची की मीच काहीतरी अश्लील बोललोय. पण स्वेन्याचा फोन रोज यायला लागला. मी तिला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलेल्या ट्रूडेचे फोटो पाठवायचो आणि ती उपाय सांगायची.

"पपा, उंदीर गार असेल. गरम लागला पाहिजे, जिवंत वाटला पाहिजे. आईचा हेअर ड्रायर घे."

म्हणून एका संध्याकाळी मी न्हाणीघरात एका हातात फोन, दुसऱ्यात ड्रायर आणि दोन बोटांत शेपटीला धरलेला उंदीर अशा अवस्थेत उभा होतो. दार उघडून रोझविथा आत आली.

"एकहार्ट, काय चाललंय?"

"उंदीर वाळवतोय."

"माझ्या ड्रायरने?"

"आपल्याकडे दुसरा कुठाय?"

"आई, त्याला बोलू नकोस!" फोनमधून आवाज आला. "पपा, आधी डोक्याकडून!"

"स्वेन्या आहे? दे इकडे फोन," रोझविथा म्हणाली.

"नंतर," मी म्हणालो. "आत्ता ती माझ्याशी बोलतेय."

रोझविथा दार ओढून बाहेर गेली. तो ड्रायर तिने पुन्हा वापरला नाही.

आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ट्रूडेने उंदीर मटकावला. आधी नुसतं बघितलं, मग झडप घातली, वेटोळं घातलं आणि दहा मिनिटांत शेपटीसकट गायब. आनंदाने मी टाळी वाजवणार होतो. मग पेटीचं झाकण लावता लावता मला कळलं, की आता स्वेन्याला विचारायला काही उरलं नाही. पुन्हा रविवार, तीन वाजता, थांब, आईला देतो.

फोन आला. "पपा, जेवली?"

"नाही गं," मी म्हणालो. "शिवलीसुद्धा नाही."

एकतीस वर्षांत मी एकही नोंद खोटी केली नव्हती. आता दर आठवड्याला करू लागलो. ट्रूडे जेवत होती, फुगत होती, आणि मी स्वेन्याला काट्यावरचे जुने फोटो पाठवत होतो. ती काळजीने हैराण. मला लाज वाटायची, आणि फोन वाजला की ती लाज कुठल्या कुठे जायची.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात स्वेन्या, खांद्यावर बॅग. दोन विमानं बदलून आली होती. मला मिठी मारून ती सरळ पेटीशी गेली आणि दोन्ही हातांनी तिने ट्रूडेला उचललं. उचलताना तिच्या तोंडून "बाप रे" निघालं.

"पपा, ही उपाशी आहे?"

मी जमिनीकडे बघितलं.

"आणि फोटोत मागे भिंतीवर कॅलेंडर असतं. जानेवारीच्या फोटोत ऑक्टोबर आहे."

(तारखेच्या चुकीसाठी मी लोकांचे अर्ज परत पाठवतो.)

"कळलं होतं, तर मग आलीस कशाला?"

"तू खोटं बोललास म्हणून. फॉर्मातली रेघ वाकडी आली तर तू जेवत नाहीस. म्हटलं, नक्की काहीतरी झालंय. काय झालंय पपा?"

"तुझी आठवण येते," मी म्हणालो. "बोलायला काही सुचत नाही. ट्रूडे जेवली असं सांगितलं असतं, तर तू फोन केला नसतास."

स्वेन्या ट्रूडेला गळ्यात घेऊन तशीच उभी राहिली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून माझ्या बाहीला पुसले. "मी दर रविवारी तुझ्याच खुर्चीजवळच्या नंबरावर फोन करते," ती म्हणाली. "आईचा मोबाइल नंबर आहे की माझ्याकडे. कधी विचार केलास?"

नव्हता केला. मी शपथेवर सांगितलं, की यापुढे फोन दुसऱ्याला देणार नाही. स्वेन्याने ते जांभळ्या अर्जाच्या पाठीवर लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली.

आठवड्याने ती परत निघाली आणि रोझविथाला पंधरा दिवसांसाठी सोबत घेऊन गेली. रविवारी मी एकटाच कॉफी घेऊन बसलो. बोलायचे विषय कागदावर उतरवले होते. बरोबर तीन वाजता फोन वाजला. पहिल्याच घंटेला उचलला.

"पपा, कसा आहेस?"

"मजेत," मी म्हणालो. "थांब, आईला देतो."



"पपा, आई इथे माझ्या शेजारी बसलीये."

मी घरभर नजर फिरवली. कागद कुठे ठेवला ते आठवेना, जीभ टाळ्यावरून हलेना. मी उठून पेटीपर्यंत गेलो.

"मग," मी म्हणालो, "ट्रूडेला देऊ?"