पुलाच्या अलीकडे

आमच्या वर्तकनगरच्या इमारतीत शिर्केकाकांचा सिनेमा न पाहिलेला एकही माणूस नाही, आणि गेल्या गणपतीपर्यंत त्याचा शेवट ठाऊक असलेलाही एक नव्हता. काकांचा सिनेमा म्हणजे त्यांनी काढलेला नव्हे. काका वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात आयुष्यभर सुट्या भागांची मापं तपासून निवृत्त झाले. सिनेमा कुठल्याशा परदेशातला, जुनापुराणा. एक माणूस निळी गाडी घेऊन वाळवंटातून सुसाट निघालाय आणि पोलीस त्याच्या मागे लागलेत. त्याने केलंय काय, त्याला जायचंय कुठे, हे तो कोणालाच सांगत नाही. दोन तास नुसती गाडी पळते.

नवीन बिऱ्हाड आलं की पहिल्या रविवारी काका त्यांना चहाला बोलावणार आणि डिस्क लावणार. मी लग्न होऊन आले तेव्हा मीही त्या खुर्चीत बसलेय. मधेच थांबवून त्यांनी विचारलं, "तुला वाटतंय ना, हा पळतोय? चूक. पळणारा माणूस सारखा मागे बघतो. याने एकदा तरी आरशात बघितलं का?"

मी पोहे खात मान हलवली. मग एक लांबलचक पूल आला. पलीकडच्या टोकाला पोलिसांनी रस्ता अडवलेला. निळी गाडी पुलाच्या अलीकडे आली आणि काकांनी सिनेमा बंद केला.

"आज इथवरच. अजून चाललाय तो."

'अजून चाललाय' हे काकांचं सगळ्यालाच उत्तर. गुडघा कसा आहे? अजून चाललाय. गच्चीवरचा पंप? अजून चाललाय. शेवट विचारायला गेलं की मात्र ते उठून कप विसळायला लागत.

त्यांची स्वतःची गाडीही निळीच. एकदा त्यांनी मला घोडबंदर रोडला ऑफिसात सोडलं. नेहमीसारखी कोंडी होती. आमचा वेग पायी चालणाऱ्यापेक्षा कमी, पण काका स्टिअरिंग घट्ट धरून ताठ बसलेले.

"मागे बघ. किती जण मागावर आहेत?"

मागे एक टँकर होता, शाळेची बस होती आणि हॉर्न वाजवून दमलेला रिक्षावाला होता. त्याने मान बाहेर काढली. "ओ काका, चला ना, झोपले काय?"

"बघितलंस? सोडत नाहीत," काका खूश होऊन म्हणाले.

गेल्या गणपतीत करमणुकीच्या कार्यक्रमांची जबाबदारी माझ्याकडे होती. मी आपल्या मनाने ठरवून टाकलं की इतकी वर्षं एकच डिस्क लावून ती घासली असणार, पुढचं चालत नसणार, आणि काकांना ते सांगायची लाज वाटत असणार. विचारायचं होतं सरळ. पण शहाणपणा अंगात मुरलेला! भावाकडून चांगली प्रत मिळवली, घरी शेवटपर्यंत बघून खात्री केली आणि काकांना काही न सांगता फलकावर सिनेमाचं नाव लिहिलं. "पोलीस मागे लागतात तोच ना? पोरं बसतील," आमचे अध्यक्ष पाटील म्हणाले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळची आरती झाल्यावर मंडपातच पडदा लावला. काकांनी हौसेने दहा मिनिटं प्रास्ताविक केलं. पोरं शिट्ट्या मारत होती. पूल आला तशी मी काकांचा चेहरा बघायला वळले. काका उठून उभे राहिले होते.

"बंद कर गं."

मला वाटलं, नेहमीची सवय. मी हसून नुसताच हात हलवला. तर काका तरातरा पुढे आले आणि प्रोजेक्टरसमोर जाऊन उभे राहिले. निळी गाडी त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पळत होती.

"बंद कर. पाया पडतो तुझ्या."

मी बंद केला. पोरांनी एकच कल्ला केला. पाटलांनी प्रसंग ओळखून प्रसाद वाटायला काढला.

नंतर काका मंडपामागच्या बाकावर बसलेले दिसले, हातात मोदक तसाच. मी शेजारी जाऊन बसले. काकूंना मी पाहिलेलं नाही. मी या घरात यायच्या आधीच त्या गेल्या.

"आम्ही दोघं बघत होतो," काका म्हणाले. "पुलापर्यंत आलो आणि तिला धाप लागली. तसाच बंद केला, हॉस्पिटलात नेलं. बारा दिवस होती तिथे. रोज विचारायची, पोचला का हो तो? मी म्हणायचो, अजून चाललाय. तू घरी आलीस की बघू."

काकांनी मोदक या हातातून त्या हातात घेतला.

"आता एकट्याने कसा बघू? तुम्ही कोणी शेजारी येऊन बसलात की तेवढा वेळ वाटतं, ती आत चहा टाकतेय. येईल आता."

माझी मलाच इतकी लाज वाटली की मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. मंडपात पोरं खुर्च्या गोळा करत होती. काकांनी विचारलं, "तू शेवटपर्यंत बघितलास ना?"

"हो."

"पोचला का गं तो?"

मी शेवट बघितला होता. तो पोचत नाही.

"अजून चाललाय, काका."

काकांनी मोदक मोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"वाटलंच मला," ते म्हणाले.