आभासी जागेची स्थळपाहणी

वाटूर फाट्यावरील शिवारमित्र मोसंबी बागायतदार सहकारी संघाच्या टेलिफोनची जागा संपली, ही गोष्ट टेलिफोनने स्वतःच कळवली. कार्यालय उघडल्या उघडल्या वंदनाच्या संगणकावर लाल पट्टी आली: जागा शिल्लक नाही. सर्वांत जुनी रेकॉर्डिंग आपोआप पुसण्यात येत आहेत.

संघाचा टेलिफोन दिसायला टेबलावर होता, पण राहायला मागच्या खोलीत होता. तिथे एक लोखंडी खोकं घरघरत असे. त्याच्या पोटात तीन यंत्रं असल्यासारखी वागत: एक टेलिफोनचं, एक हिशेबाचं, एक हजेरीचं. तिन्ही आभासी. खोक्याच्या डिस्कमधला थोडा थोडा वाटा प्रत्येकाला काढून दिलेला होता. बागायतदारांचे फोन टेलिफोनच्या वाट्यात साठत, आणि तो वाटा आता गच्च भरला होता.

सर्वांत जुनी रेकॉर्डिंग म्हणजे आबाराव. संघाचे फोनवरचे सल्लागार. ते गेल्या पावसाळ्यात वारले. वंदना त्यांची मुलगी; आता संघाचे फोन तीच घेई. त्यांचा चष्मा तिच्या कपाटात होता, फोटो तिच्या भिंतीवर होता. आवाज मात्र संघाच्या मालकीचा होता. त्याची नक्कल मिळावी म्हणून तिने पूर्वीच अर्ज केला होता. त्यावर उत्तर आलं होतं की, नक्कल ज्याचा आवाज आहे त्यालाच देता येते; तरी संबंधिताने ओळखपत्रासह समक्ष हजर राहावे.

तिने जालन्याला मिथुनला फोन लावला. खोक्याच्या देखभालीचा ठेका त्याच्याकडे होता.

"ताई, बिलकुल टेन्शन घेऊ नका. मोठ्या डिस्कमधी जागाच जागा हाये. टेलिफोनचं मशीन घडीभर बंद करायचं, त्याचा वाटा वाढवून द्यायचा, चालू करायचं. चहा निवायच्या आत काम."

"मग करा ना."

"लेखी पाहिजे. मागं एका ठिकाणी तोंडी केल्तं, तर सगळ्यांची हजेरी गेली अन् मी एकटाच हजर निघालो."

वंदनाने अर्ज लिहिला. विषय: टेलिफोन यंत्राची आभासी जागा वाढवून मिळणेबाबत.

व्यवस्थापक राधेश्यामजींनी तो दोनदा वाचला. "ही आभासी जागा म्हणजे असलेली का नसलेली?"

"आहे सर. पण दिसत नाही."

"कागदावर हाये?"

"हो."

"हां, म्हंजी आपल्या टेंभुर्णीच्या गोदामासारखी! मंग असं सांगा ना सरळ." त्यांनी समाधानाने शेरा मारला, 'जागेचा विषय असल्याने जागा व बांधकाम समितीकडे'.

जागा व बांधकाम समितीचे प्रमुख कडूबानाना होते. नानांचा साऱ्या आयुष्यात एकाच शब्दावर विश्वास होता, आणि तो शब्द 'जागा' होता. बांधावरून त्यांनी दोन भावांशी आणि एका व्याह्याशी बोलणं सोडलं होतं. समितीकडून तातडीने विचारणा आली की, प्रस्तावित जागेची चतुःसीमा कळवावी.

वंदनाने कळवलं की, सदर जागेला दिशा नाहीत. दिशा नसलेली जागा मंजूर करण्याची तरतूद नाही, असं उत्तर आलं. तेव्हा तिने निमूटपणे लिहून दिलं: पूर्वेस हिशेब, पश्चिमेस हजेरी, उत्तरेस पंखा, दक्षिणेस भिंत. समितीने प्रस्ताव सुस्पष्ट असल्याचं नमूद केलं आणि स्थळपाहणीचा आदेश काढला.

दरम्यान रोज नवे फोन येत, आणि जितके नवे येत तितके जुने जात. वंदना आता प्रत्येक बागायतदाराला थोडक्यात आटपायला सांगू लागली. आबारावांचा आवाज वाचवायचा तर आबारावांनी जन्मात केलं नाही ते करावं लागत होतं. आष्टीच्या पुष्पाबाई तर फोनवरच रुसल्या. "माय, तुझे वडील असं करत न्हवते. मी मोसंबीच्या डिंक्या रोगापासून सुरू करून जावयावर यायची, तरी म्हणायचे, हां, मंग?"

"मावशी, डिंक्याचं सांगा फक्त."

"डिंक्या बरा हाये. जावयाचंच अवघड हाये," असं म्हणून पुष्पाबाईंनी फोन ठेवला. वंदनाने सुटकेचा श्वास टाकला, आणि लगेच तिला त्या श्वासाची लाज वाटली.

स्थळपाहणीला समिती मोजणीचा टेप घेऊन आली. नानांनी खोक्याची लांबी घेतली, रुंदी घेतली, आणि मग टेपचं टोक हातात धरून ते पंख्याच्या जाळीतून आत पाहत राहिले.

"एवढ्याशात तीन बिऱ्हाडं?"

"हो नाना."

"मधल्या भिंती?"

"आभासी आहेत."

"सामाईक भिंत आभासी असल्यावर भांडणं हुनारच. बरं, टेलिफोनच्या जागेत ऱ्हातंय कोण?"

वंदनाने पडद्यावरची, सर्वांत जुन्यापासूनची नावं दाखवली. वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं.

"आबाराव?" नाना दचकले. "ते तर गेले ना?"

"गेले."

"अन् सामान इथंच?" नानांनी टेप सर्रकन गुंडाळला.

पंचनामा झाला. सदर जागेत आबाराव नामक इसमाचे दीर्घकाळ विनापरवाना वास्तव्य असून मृत्यूनंतरही त्यांनी ताबा सोडलेला नाही. यावरून जागेची टंचाई ही नैसर्गिक नसून अतिक्रमणामुळे निर्माण झाली आहे. अतिक्रमण असताना वाढीव जागा दिल्यास अतिक्रमणास प्रोत्साहन मिळेल. सबब, प्रथम जागा खाली करावी. निष्कासनाची नोटीस आबारावांच्या नावे निघाली आणि वारस म्हणून वंदनाला बजावली गेली. नोटीस घेऊन राधेश्यामजी स्वतः तिच्या टेबलापर्यंत, म्हणजे समोरच्या टेबलावरून, आले.

"वाईट वाटून घेऊ नका. समदं नियमानं चाललंय. त्यांना बाजू मांडायची पूर्ण संधी हाये."

"कोणाला?"

"आबारावांना."

वंदनाने नोटीस वाचली. वडिलांना आयुष्यात आलेली ही पहिलीच नोटीस होती. तिने पोच दिली आणि खाली लिहिलं: इसम स्वतःची बाजू त्यांच्याच आवाजात मांडू इच्छितात, तरी सुनावणीत रेकॉर्डिंग ऐकावे. समितीला यात गैर काही दिसलं नाही. उलट पक्षकार हजर राहणार म्हणून सर्वांना बरंच वाटलं.

सुनावणीला अध्यक्ष बिभीषणराव जातीने आले. सगळे संचालक बसले. मिथुन लेखी बोलावणं मिळाल्यामुळे हजर होता. त्याने यादीतलं हाताला लागेल ते एक रेकॉर्डिंग लावलं. आधी "बोला" ऐकू आलं. वंदनाने मान खाली घातली. त्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग "हां." मग पुन्हा काही नाही.

"थांबवा," नाना म्हणाले. "ही तर पडीक जागा हाये! मानूस बोलतच न्हाई. नुसता 'हां' म्हणून एवढी जागा अडवून बसलाय."

"ते ऐकत आहेत नाना," वंदना म्हणाली.

"ऐकायला जागा कशाला लागती? आम्ही इतक्या वर्षांपासून संचालक हावोत, आम्हाला कधी लागली का?"

ही गोष्ट कोणालाच नाकारता आली नाही. निम्म्याहून अधिक जागा पडीक असल्याचं इतिवृत्तात घेण्यात आलं. इतक्यात, मिथुनने थांबवायला दाबलेलं बटण न लागल्यामुळे, चालूच राहिलेलं रेकॉर्डिंग पुढे सरकलं. पलीकडचा माणूस नाक शिंकरून बोलू लागला.

"...घरात माझं कोनी ऐकत न्हाई, आबाराव. काल म्हणलो, वरण पातळ झालंय. तर तुळजा म्हणती, ठराव करा अन् आणा. सूचक, अनुमोदकासकट. पोरं हसून राह्यली व्हती."

"हां," आबाराव म्हणाले.

"रडू आलं. मोरीत जाऊन नळ सोडला अन् रडलो."

"हां. मोसंबीला काय झालंय पण, बिभीषणा?"

"मोसंबी बराबर हाये. मोसंबीचं निमित्त होतं."

खोलीत शांतता पसरली. ती पडीक आहे असं मात्र कोणी म्हणालं नाही. संचालकांनी एकाच वेळी छताकडे पाहिलं. आपणही केव्हा ना केव्हा मोसंबीच्या निमित्ताने फोन केला होता, हे प्रत्येकाला एकेक करून आठवू लागलं होतं. नानांच्या हातातला टेप आपोआप उलगडत गेला.

"पुसा!" बिभीषणराव ओरडले. "आबारावांचं समदं पुसा. आत्ताच्या आत्ता. जल्दी!"

वंदनाने मिथुनकडे पाहिलं. मिथुनने पडद्याकडे पाहिलं, मग डोकं खाजवलं.

"साहेब, न्हाई पुसता येत."

"का?"

"हे मशीन इतकं गच्च भरलंय की पुसायचं म्हणलं तरी त्याला हलायला जागा न्हाई. आधी खोक्यानं या मशीनची काढून ठेवलेली जुनी नक्कल मिटवावी लागंल, अन् मिटवायलाही जागा लागती. पुसायचं असंल तर आधी जागा वाढवावी लागंल."

हे कितपत खरं होतं, ते मिथुनला पूर्ण ठाऊक नव्हतं आणि इतरांना बिलकुल नव्हतं. पण हा युक्तिवाद संघाच्या कामकाजाशी इतका जुळणारा होता की कोणालाही शंका आली नाही. वाढीव जागेचा ठराव तिथल्या तिथे मांडला गेला. सूचक कडूबानाना, अनुमोदक उरलेले सर्व. मिथुनने टेलिफोनचं यंत्र बंद केलं, त्याचा वाटा वाढवला, चालू केलं. आतल्या यंत्राला मात्र आपली जागा वाढल्याचा पत्ताच नव्हता. ते जुन्याच कुंपणात दाटीवाटीने बसून होतं. आत शिरून त्यालाही तसं कळवावं लागलं. "ताबा दिला," नानांनी समजून मान हलवली. चहा आला तेव्हा लाल पट्टी गेलेली होती.

"आता पुसा," बिभीषणराव म्हणाले.

"कोणकोणती, साहेब? बागायतदारांचेही फोन त्यातच हायेत. ते पुसले तर सर्वसाधारण सभेत बोंब हुईल. एकेक ऐकून वेगळी काढावी लागतील."

नानांनी उत्साहाने सुचवलं की आपण ऐकू. इतर संचालक म्हणाले, नानांनी आमचं का ऐकावं? मग प्रत्येकाने स्वतःचं नाव सुचवलं आणि बाकीच्यांनी ते फेटाळलं. शेवटी असं ठरलं की, हे काम अशा व्यक्तीकडे द्यावं जिचं संघात कोणी ऐकत नाही, म्हणजे तिने पुढे काही सांगितलं तरी हरकत नाही. एकमताने वंदनाची नेमणूक झाली. ऐकणे अधिकारी (अतिरिक्त कार्यभार). तिने आबारावांची सर्व रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकावीत व अहवाल सादर करावा; अहवालापूर्वी कोणीही काहीही पुसू नये.

तेव्हापासून वंदना रोज दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, कानाला यंत्र लावून बसते. एक रेकॉर्डिंग ऐकते, कधी तेच पुन्हा ऐकते. अहवाल तयार होत आहे. राधेश्यामजींनी एकदा लेखी विचारलं, या कामास इतका विलंब का? तिने उत्तर दिलं: संबंधित इसम बोलताना मध्ये मध्ये थांबतात. ते थांबणेही ऐकावे लागते.

उत्तर समाधानकारक असल्याचा शेरा पडला, आणि प्रकरण प्रलंबित झालं. संघात प्रलंबित झालेली वस्तू सहसा नष्ट होत नाही.

राहता राहिले आपण, वाचक. जागा संपत आल्याची सूचना आपल्याही मोबाइलवर येत असते. सुप्रभातची फुलं आपण राहू देतो, कारण ती वजनदार माणसांनी पाठवलेली असतात; आणि गावाकडून आलेला लांबलचक आवाजी निरोप पुसून टाकतो, कारण त्यात मध्ये मध्ये कोणी नुसतंच थांबलेलं असतं. तरी सदर निरोप पुसण्यापूर्वी शेवटपर्यंत ऐकला होता किंवा कसे, याचा खुलासा करावा. पाठवणारी व्यक्ती हयात असल्यास खुलासा थेट तिलाच फोनवरून द्यावा. नसल्यास समक्ष हजर राहण्याची आवश्यकता नाही.