मंमंवर बंदी

‘आजपासून या घरात कुणीही बोबडं बोलायचं नाही,’ असा हुकूम मी एका सकाळी सोडला. (हुकूम सोडायला मी घरात धाकटी आहे, पण बालविकास विषयात पदवी मिळवलेली एकटीच.)

कारण गंभीर होतं. माझी भाची, आमची गुंडी, दीड वर्षाची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. ‘ब्ब्ब’च्या पुढे गाडी नाही. वहिनी कामावरून आली की दारातच विचारायची, “आज काही बोलली?” आणि ‘नाही’ ऐकलं की चप्पल काढायला उगाच फार वेळ लावायची. ते मला बघवत नव्हतं.

गुन्हेगार माझ्या मते उघड होता. बाबा!

“मंमं खायची? मग भुर्र जायचं? हम्मा बघायची?”

“बाबा! या वयात कानांवर जे पडतं त्यावर मेंदू बांधला जातो. तुम्ही तिच्या मेंदूत हम्मा बांधताय!”

“बांधायलाच हवी. सोडली तर घर तुडवेल.”

“तुझ्याही मेंदूत यांनीच बांधली होती,” आई आतून म्हणाली, “दावं तोडून मोकाट सुटली, ती गोष्ट वेगळी.”

या पिढीशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी अंमलबजावणी सुरू केली. कुणी ‘मंमं’ म्हटलं की बोट वर करायचं आणि ओरडायचं, “चूक!” गाई-गाई? चूक! भूभू? चूक!

बाबांनी प्रयत्न केला, नाही असं नाही. “बालिके, भोजन करशील? तदनंतर आपण बहिर्गमन करू.” राँग नंबर लागल्यावर आपण फोनकडे बघतो, तसं गुंडीने त्यांच्याकडे बघितलं. पुढे पुढे ते तोंड उघडायचे, माझं बोट बघायचे आणि मिटायचे. शेवटी वर्तमानपत्रामागे जाऊन बसले. गुंडी जवळ गेली, तिने पान ओढलं, “ब्ब्ब” म्हणाली आणि वाट बघत उभी राहिली. एरवी बाबा म्हणाले असते, “ब्ब्ब? काय सांगतेस! मग?” आता त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

दोन-तीन दिवसांत ‘ब्ब्ब’ही बंद झालं.

“आता आवाजही करत नाही गं,” वहिनी म्हणाली. मला कॉलेजात बाईंनी शिकवलेलं आठवलं. मूल आवाजाचा चेंडू टाकतं, मोठ्यांनी तो परत टाकायचा. या खेळातच मेंदू शिकतो. (या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते.) घरात चेंडू परत टाकणारा एकच भिडू होता, आणि त्याचेच हात मी बांधले होते.

हुकूम मागे घ्यायचा, पण नाक शाबूत ठेवून, याचा विचार करत असतानाच गुंडी उंबऱ्याला अडखळून धाडकन पडली. मी हातातलं सगळं टाकून धावले.

“अले अले अले! माज्या शोन्याला बाऊ जाला? कुते लागलं? आत्या उंबल्याला हात् कलेल हं!”

वर्तमानपत्र खाली आलं. आई पातेलं घेऊन बाहेर आली. नेमकी तेव्हाच वहिनी दारात, एक चप्पल पायात, एक हातात.

गुंडीने रडणं थांबवलं. मला नीट न्याहाळलं. बोट वर केलं.

“चूक!”

उच्चार इतका शुद्ध की माझ्या बाईंनीही पाठ थोपटली असती.

वहिनीच्या हातातली चप्पल गळून पडली. “बोलली! अगं, तुझ्यामुळे बोलली!” ती माझ्या गळ्यात पडून रडायला लागली.

“माझ्यामुळे नाही, बाबांमुळे,” मी म्हणाले, आणि अगदी मनापासून. आज मी दुसऱ्याला तोंड उघडू देत नाही, ते कुणाच्या कृपेने? माझंही ‘ब्ब्ब’ कधीकाळी कुणीतरी मन लावून ऐकलं होतं, ‘मग?’ म्हणून विचारलं होतं. माझे डोळे भरून आले. “बाबा, थँक यू.”

“चूक,” बाबा बोट वर करून म्हणाले. “‘मी आपली ऋणी आहे’ म्हण.” आणि जमिनीवर बसून त्यांनी गुंडीला विचारलं, “मंमं?”

“मंमं!” गुंडी म्हणाली.

आता ती दिवसभर बोलते. फक्त माझ्या बाबतीत तिच्या मेंदूत जी जोडणी व्हायची ती पक्की झाली आहे. ‘चूक’ हे माझं नाव आहे, असा तिचा समज आहे. मी गल्लीच्या तोंडाशी दिसले की गॅलरीतून हाका सुरू होतात, “चूक! चूक!”

काल पाहुणे आले होते. बाबांनी एकेकाची ओळख करून दिली. “हा मोठा मुलगा, ही सून, ही नात. आणि ही,” मला प्रेमाने पुढे ओढत ते म्हणाले, “आमची चूक.”