कठड्यावरील समान ठिपक्यांची मोहीम

सकाळी दहा वाजता बैठकीच्या खोलीतील रुंद पडद्यावर एक वक्ररेषा उमटली, आणि तिजवरील ठिपके समान अंतरावर नाहीत ऐसे विभागप्रमुखांच्या नजरेस आले. पुढे जे जाहले ते यथास्थित लिहिले आहे. पराक्रम वाढविला नाही, मूर्खपणा घटविला नाही.

रेषा म्हणजे नव्या इमारतीच्या जिन्याचा पोलादी कठडा: आधी सपाट, मग एकाएकी चढा, मग पुन्हा सपाट. ठिपका तेथे भोक, भोक तेथे दिवा, आणि दिव्याच्या उजेडात उतरणाऱ्यांस पायरी दिसावी, ऐसा बेत. मोहीम उमेदवारीवरील प्रोग्रामर बाईंकडे सोपविली होती. फत्ते जाहली तर नोकरी कायम, शिकस्त खाल्ली तर घरचा रस्ता.

बैठकीआधी बाईंनी पहिल्या स्वारीत आडव्या अक्षावर सारखी पावले टाकली, आणि चढावर ठिपके विरळ पडले, कारण चढ चालण्यास लांब, आडवा मोजण्यास आखूड. चूक ध्यानी येताच त्यांनी रेषेचे बारीक तुकडे केले, आणि मग तुकड्यांच्या लांबीची बेरीज करीत रेषेच्या अंगाअंगाने जाऊन सारख्या लांबीवर ठिपके रोविले. मुलूख सर जाहला. तोच बैठकीत विभागप्रमुख, स्लाइडांचे सेनाधुरंधर, टक्केवारीचे शार्दूल, खासे पडद्यापाशी दाखल होऊन पेनाचे टोपण दोन-दोन ठिपक्यांमध्ये धरोन मापू लागले. फर्मान सुटले की चढावर गर्दी आहे, सबब पांगवावी.

“सर, पडदा रुंद आहे म्हणून आलेख आडवा ताणला गेलाय,” बाई म्हणाल्या. “सपाटीवरचे ठिपके नुसते लांब-लांब दिसतात. दोन्ही अक्षांना एकच माप लावते, बघा.”

“मग स्लाइड अर्धी रिकामी दिसेल, मॅडम. आणि हे टोपण काय खोटं बोलतंय?”

टोपण खोटे बोलत नाही यावर दरबाराचे एकमत जाहले. आलेख सजविणारे सहकारी, ज्यांची मान फक्त होकारास हलते, पुढे सरसावले आणि ठिपके पडद्यावर सारखे दिसतील ऐसे सरकविते जाहले. चढ पुन्हा उजाड पडला, सपाटीवर दिव्यांचा बाजार भरला, आणि ती फाइल साहेबांच्या हुकुमाने कारखान्यास रवाना जाहली. टाळ्या पडल्या.

बाईंनी कचेरीच्या जिन्यात येऊन कारखान्याच्या फोरमनला फोन लावला.

“काका, ती फाइल लावू नका. नेमका चढावर अंधार राहील. कुणीतरी गडगडत खाली येईल.”

“ताई, साहेबांचा मेल आहे माझ्याकडे. तुम्ही तुमच्या नावानं लिहून द्या, मी बघतो. नुसत्या फोनवर माझी मान कशाला अडकवू?”

मग बाईंनी स्वनामे मेल लिहिला, सोबत आपली फाइल जोडली आणि प्रत साहेबांसही धाडली, कारण पाठीमागून छापा घालणे त्यांस मंजूर नव्हते.

बैठकीच्या इतिवृत्तात नोंद जाहली ती येणेप्रमाणे: समान अंतराची मोहीम विभागप्रमुखांनी जातीने केलेल्या देखरेखीने फत्ते जाहली, शत्रू समूळ पांगला. बाईंस केबिनीत बोलावणे आले आहे. कारखान्याकडील अखेरची खबर ऐसी की कठडा यंत्रावर चढला असोन पहिले भोक पडले आहे. पहिला ठिपका दोन्ही फाइलींत एकाच जागी येतो.