फिरत्या क्लॅम्पवरचं सफरचंद

लेकीच्या लग्नाच्या सकाळी बापाने अंगणात पाहुण्यांचे पेले भरत उभं राहायचं असतं. व्लास्तिमिर मात्र कामाच्या निळ्या कपड्यांत, तोंडात पाना धरून, फाटकावर उभारलेल्या पाइपांच्या मनोऱ्यावर चढला होता आणि सफरचंद बांधत होता.

सफरचंद आमच्याकडे सगळेच बांधतात. नवरदेवाने ते बंदुकीने पाडल्याशिवाय मुलीकडचं फाटक उघडत नाही. शहाणी माणसं ते अंगणातल्या अक्रोडाला टांगतात, नवरदेव चार बार उडवतो, एखादा लागतो किंवा लागला असं सगळे म्हणतात, आणि वरात आत येते. पण व्लास्तिमिरचा धंदा पॉलिहाऊसचे सांगाडे उभारण्याचा. लेस्कोवात्स शहराच्या आसपास निम्म्या मिरच्या त्याच्या पाइपांखाली पिकतात. पोकळ पाइप आणि फिरते क्लॅम्प, एवढ्यावर त्याचं घर चाललेलं. पेच सैल केला की हवा त्या कोनात वळणारा आणि आवळला की मुकाट उभा राहणारा हा क्लॅम्प त्याला जगातल्या बहुतेक माणसांपेक्षा भरवशाचा वाटे. ह्या माणसांत आपणही आहोत हे त्याची बायको स्ताना ओळखून होती.

नवरदेव बोयान नीश शहरातला, कवळ्या बनवणारा. व्लास्तिमिरने त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. 'तो दातवाला' म्हणायचा. त्याच्यात खोट काय, ते मात्र त्याला सांगता यायचं नाही. खरी गोष्ट अशी की कोसारा त्याची एकुलती एक लेक. पाइप कापायला ती, गिऱ्हाइकाशी भांडायला ती, आणि रात्री जेवताना बोलायलाही तीच. पण हे कबूल करण्यापेक्षा मनोरा बांधणं सोपं होतं. गुत्त्यात त्याने जाहीर करून टाकलं, की सफरचंद असं टांगीन की दातवाला आल्या वाटेने परत जाईल.

स्तानाने मुलीला सुचवून पाहिलं, की मागच्या दाराने जा, तुझा बाप दमला की येईल भानावर.

"मागच्या दाराने मांजर जातं," कोसारा म्हणाली. "मी फाटकातून जाणार, आणि बाबाचाच हात धरून जाणार. नाहीतर हा पांढरा पोशाख घालून इथेच मिरच्या खुडत बसेन."

आणि वेळ थोडा होता. चर्चमध्ये दुपारच्या घंटेनंतर दुसऱ्यांचं लग्न होतं.

मनोरा म्हणजे चार पायांचा सांगाडा आणि त्याच्या डोक्यावर आडवा घातलेला एक लांब पाइप. तो दोन फिरत्या क्लॅम्पवर पेललेला, एक डावीउजवीकडे वळणारा, एक वरखाली झुलणारा. बाहेरच्या टोकाला रस्त्यावर सफरचंद, अंगणातल्या टोकाला वजन म्हणून बटाट्याची पोती, आणि खाली सोडलेली दोरी. दोरी ओढली की सफरचंद नाचणार.

वरात बँड वाजवत आली. बोयानने बंदूक खांद्याला लावली आणि सफरचंद डावीकडे गेलं. त्याने बंदूक डावीकडे नेली, ते उजवीकडे आलं. एकामागून एक बार हवेत गेले. फाटकाआड व्लास्तिमिर दोरी ओढत होता आणि लग्न ठरल्यापासून पहिल्यांदा हसत होता. मग नवरदेवाच्या मामाने बंदूक घेतली. तो आधीच बराच प्यायलेला असल्यामुळे त्याने भलतीकडेच नेम धरला, आणि गोळी चाटून गेल्याने सफरचंदाची गाठ सुटत आली. ते पाइपाखाली हातभर लोंबू लागलं. तसं राहिलं असतं तर आंधळ्यानेही पाडलं असतं.

व्लास्तिमिरने दोरी कोसाराच्या हातात कोंबली, घट्ट धर म्हणाला, आणि पुन्हा मनोऱ्यावर चढला. गाठ होती पाइपाच्या टोकाला, म्हणून तो पाइपावरून पालीसारखा सरकत क्लॅम्पच्या पुढे गेला.

कोसाराने दोरी सोडली की दोरी तिच्या हातातून सुटली, यावर आमच्या गावात अजून दोन मतं आहेत. पाइप मात्र प्रामाणिकपणे झुकला. क्लॅम्प इतका सुरेख फिरला की कुरकुरलासुद्धा नाही. व्लास्तिमिर सावकाश, मानाने, फाटकावरून पलीकडे उतरला आणि त्याचे पाय बरोबर बँडवाल्यांच्या मधोमध टेकले. त्याने पाइप सोडला. पोती धपकन खाली गेली, पाइप वर उसळला, आणि सफरचंदाने पाइपाभोवती दोरा गुंडाळून घेत पहिल्यापेक्षाही उंच जागा पटकावली.

व्लास्तिमिर कपडे झटकून फाटकापाशी गेला. "उघड."

"सफरचंद पडलं?" आतून कोसाराने विचारलं.

"मी घरातला माणूस आहे."

"घरातली माणसं घरात असतात, बाबा. बाहेर उभी आहे ती वरात."

त्याने बायकोला हाक मारली. स्ताना म्हणाली, रीत त्याच्याच आजोबांपासून चालत आलीय, तिला काय विचारतो. तोवर मामाने त्याच्या हातात बाटली देऊन त्याला आपल्यात ओढलंच होतं. व्लास्तिमिरने बंदूक मागून घेतली. गावात त्याच्यासारखा नेम कुणाचा नाही असं तो नेहमी सांगत असे. पण दोरी मोकळी होती, वारा होता, आणि क्लॅम्पला त्याने स्वतः तेल घातलं होतं. प्रत्येक बार चुकला की ट्रंपेटवाला बारीक सूर काढायचा. व्लास्तिमिरने आपल्या क्लॅम्पला दिलेल्या शिव्या ऐकून मामासुद्धा शुद्धीवर आला. सावल्या पायाशी आल्या होत्या, चर्चच्या घंटेची वेळ होत आली होती. बंदुकीच्या दणक्यांनी सुजलेला खांदा चोळत बोयान नुसता वर बघत होता, आणि तिथून हलायचं नाव घेत नव्हता.

व्लास्तिमिरने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कोसारा," तो फाटकाच्या फटीत तोंड घालून म्हणाला, "दोरी ओढून धर. अजिबात हलू देऊ नको."

"हे कोण सांगतंय? माझा बाप, की वराकडचा कुणी?"

बाहेर बँडही थांबला.

"वराकडचा," व्लास्तिमिर म्हणाला.

दोरी ताणली गेली. सफरचंद जागच्या जागी थिजलं. व्लास्तिमिर बोयानच्या मागे गेला आणि बंदूक त्याला परत देऊन नीट खांद्यात बसवून दिली. "जावईबापू, श्वास सोडा. आणि ते सफरचंद नाही, किडकी दाढ आहे असं समजा."

सफरचंदाच्या फोडी मामाच्या टोपीवर पडल्या.

फाटक उघडलं. स्ताना टोपली घेऊन उभी होती आणि वराकडच्या एकेकाच्या छातीला रोझमेरीची डहाळी टाचून आत सोडत होती. व्लास्तिमिर निमूट रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा तिने निळ्या कपड्यांवर डहाळी टाचली आणि रीतीप्रमाणे विचारलं, काय काम काढलंत.

"मुलगी न्यायला आलोय," तो म्हणाला.

कोसाराने दोरी टाकली, हात पोशाखाला पुसला आणि त्याच्या कोपरात अडकवला.

"न्या की," स्ताना म्हणाली. "फक्त मुलीचा बाप मगापासून बेपत्ता आहे. त्याचा सूट आत टांगलाय. अंगाला होतोय का बघा."