काकांची किसणी

आमच्या घरात किसणी एकच, आणि लग्नसराईत ती दत्तूकाकांच्या पिशवीत असायची.

आईबाप गेल्यावर मला काकाकाकूंनीच वाढवलं. काका नांदूरघाटच्या बँडात ढोल वाजवायचे. बँडला सुपारी मिळाली तर कालवण, नाहीतर भाकरी न् मीठ. तशातही त्यांनी मला शिकवलं. घराण्यातला पहिला बी.ए. मी, हे अजून छाती काढून सांगतो.

आखातातून आलेल्या एका पाहुण्यानं काकांना कॅसेट दिली आणि त्यांना येड लागलं. गिटार थेंबासारखी टपटपायची, मागं काहीतरी खरखरायचं, गाणारा रडकुंडीला आलेला. ह्याला बचाता म्हणतात, हे तिकडच्या कॅरिबियन बेटांवरचं नाचगाणं, हे मला फार पुढं कळलं. काका म्हणायचे, "बाबा रडतोय, पण पाय थांबवत न्हाई. लई गुणाचा हाय!"

ती खरखर त्यांना चमच्यानं किसणीवर सापडली. चुलीपुढून काकू ओरडायची, "आवो, खोबरं काय दातानं किसू?"

काकूच्या कमरेत लहानपणापासून दोष. तीन पावलं टाकली की चौथ्याला कंबर उचलून सावरायची. एका वरातीत पोरं तिच्यामागं तशीच चालली, तेव्हापासून तिनं वरातीत चालणं सोडलं. माझं लग्न ठरलं तेव्हाही म्हणाली, "मी जीपमधीच बसते. शिकल्याल्या लोकांत तुझं हसं कावून करू?"

दुसऱ्या दिवसापासून काकांनी बँडला कॅसेटमधलं गाणं बसवायला घेतलं.

"काका, ह्यावर वऱ्हाड नाचणार कसं?" ट्रंपेटवाल्यानं विचारलं.

"तीन पावलं टाक, चौथ्याला कंबर उचल. त्यात काय हाय बे?"

मी चिडलो. "काका, माझे प्रोफेसर येणारेत. ती खरखर नको."

"येऊ दे की. त्येंनाबी कंबर हाय."

नवरीच्या गावच्या वेशीत बँड सुरू झाला. वऱ्हाड आधी गोंधळलं, मग पाय जमले. तीन पावलं, कंबर वर. मामा, सोयरे, प्रोफेसरसुद्धा. काका किसणी वाजवतच जीपपाशी गेले.

"उतर," ते काकूला म्हणाले. "बघ, समदी तुझ्यासारखीच चालत्यात."

ती एकेकाची कंबर बघत राहिली. मग पदर खोचून उतरली.

माझ्या वरातीत काकू वेशीपासून मांडवापर्यंत चालली.